पांढरा साका

खात्रीकाकांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं शाळेत आता कुणी उरलं नव्हतं. हजेरीपटावर ते नाव होतं, आणि सही करण्याआधी काका ते रोज एकदा वाचून बघत. नाव आपलंच आहे याची खात्री करून घेतात, असं शिक्षकांच्या खोलीत म्हटलं जाई. ही थट्टा होती, पण फार खोटीही नव्हती. कुणी म्हणालं अकरा वाजले, की काका विचारणार, खात्री आहे? कुणी म्हणालं मुख्याध्यापिका बाई आज रजेवर आहेत, की काका जाऊन त्यांच्या खोलीचं दार ढकलून बघणार. एकदा शिपायानं सांगितलं, तुमच्या सायकलच्या मागच्या चाकात हवा नाही. काकांनी आधी पुढचं चाक दाबून पाहिलं. माणूस एक गोष्ट सांगतो तेव्हा दुसरी लपवत असतो, असं त्यांचं मत होतं.

एकतीस वर्षं ते या माध्यमिक शाळेच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला. सहा लांब टेबलं, प्रत्येकाला एक नळ आणि एक बेसिन, त्यांतले दोन नळ कायम ठिबकणारे. मागच्या भिंतीत एक अरुंद दार, दारापलीकडे तयारीची खोली, आणि त्या खोलीत काकांचं राज्य. एक लाकडी कपाट, एक तराजू, एक उंच स्टूल आणि खिडकीच्या कट्ट्यावर पालथ्या घातलेल्या परीक्षानळ्या. कपाटाच्या काचांना त्यांनी आतून तपकिरी कागद चिकटवला होता. उजेडानं काही रसायनं बिघडतात, असं ते विचारणाऱ्याला सांगत. खरं कारण इतकंच की आत काय आहे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू नये.

तसे ते जन्मापासून संशयी नव्हते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत चारचौघांसारखेच होते, म्हणजे सांगितलेलं ऐकायचे. त्या वर्षी कोठीतून एक मोठी बाटली आली, वर ठळक अक्षरांत ‘डिस्टिल्ड वॉटर’. काकांनी ती भांड्यांत ओतून टेबलांवर ठेवली. बाटलीत पाणी नव्हतं, कॉस्टिक सोड्याचं जहाल द्रावण होतं. दिसायला पाण्यासारखं, वास नाही. नववीतल्या एका मुलीनं त्या द्रावणानं हात धुतले. तिच्या तळहातांची कातडी सोलून निघाली आणि पुढचे दोन महिने तिला पेन धरता आलं नाही. चौकशीत काकांना एकच प्रश्न विचारला गेला, तुम्ही तपासलं होतं का? ते म्हणाले, लेबलवर तसं लिहिलं होतं. हे उत्तर देताना त्यांना इतकी लाज वाटली की त्यानंतर त्यांनी लेबल नावाच्या वस्तूवर विश्वास ठेवणंच सोडलं. पुढे पुढे लेबल लिहिणाऱ्या माणसांवरचाही सोडला.

तेव्हापासून कुठलीही बाटली कपाटात जाण्याआधी काकांच्या हातून तपासली जाई. थोडं रसायन नळीत घ्यायचं, त्याची परीक्षा करायची, आणि मगच लेबलच्या कोपऱ्यात हिरव्या शाईची खूण करायची. हिरवी खूण नाही ती बाटली वर्गात जात नाही, मग शिक्षक कितीही घाईत असोत. एकतीस वर्षांत नवे-जुने मिळून अकरा शिक्षक त्यांच्याशी यावरून भांडले आणि अकराही हरले.

सगळ्यांत जास्त जीव होता तो हॅलोजनांच्या तीन बाटल्यांवर. हे हॅलोजन म्हणजे एकाच घरातली भावंडं. सगळ्यांत तापट फ्लोरीन, भेटेल त्याच्याशी भांडणारा, त्याला कुठलीच शाळा दारात उभं करत नाही. मग क्लोरीन, ब्रोमीन आणि आयोडीन. या तिघांचे क्षार, पोटॅशियम क्लोराइड, पोटॅशियम ब्रोमाइड आणि पोटॅशियम आयोडाइड, तीन बाटल्यांत शेजारी शेजारी बसलेले. तिन्ही पांढरे, तिन्ही पाण्यात घातले की पाणीच. नुसतं बघून कोण कोणता ते सांगणारा अजून जन्मला नाही. पण त्या पाण्यात नायट्रिक आम्लाचे चार थेंब आणि वर सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले की नळीत दाट ढग उतरतो आणि तळाशी बसतो. पुस्तक त्याला अवक्षेप म्हणतं, काका साका म्हणत. क्लोराइडचा साका पांढरा, ब्रोमाइडचा सायीच्या रंगाचा, आयोडाइडचा पिवळा. पांढरा, साय, पिवळा. एवढं पाठ केलं की दहावीच्या प्रॅक्टिकलचे गुण खिशात.

अडचण असते ती पांढरा आणि साय यांच्यात. दोघांत फरक केसाएवढा. म्हणून पुस्तकात पुढची पायरी दिली आहे. साक्यात पातळ अमोनिया घालायचा. क्लोराइडचा साका त्यात विरघळून नाहीसा होतो, ब्रोमाइडचा जवळजवळ तसाच राहतो, आयोडाइडचा तर ढिम्म हलत नाही. काका मात्र या पायरीला कधी गेले नाहीत. अमोनियानं त्यांचं डोकं चढायचं. शिवाय नळी खिडकीकडे धरली की ते क्षणात रंग सांगत, आणि भोवती जमलेल्या मुलांना चिडवत, “ज्याला स्वतःच्या डोळ्यांचा भरवसा नाही, त्यानं अमोनिया घालावा.” मुलं हसायची. काकांना ते हसू आवडायचं. साका खोटं बोलत नाही, असं ते म्हणत. त्यांचा जगात कुणावर विश्वास असेल तर तो या साक्यावर होता.

हे वर्ष मात्र मेलं सुरुवातीपासूनच काळंबेरं घेऊन आलं होतं. आधी शर्ट. काका रोज पांढरा शर्ट घालत आणि तो पिवळट दिसायला लागला होता. त्यांनी बायकोला विचारलं, साबण बदललास का? ती नाही म्हणाली. ते म्हणाले, खात्री आहे? मग त्यांनी स्वतः ब्लीचची बाटली आणली आणि तिला समजावून सांगितलं की यात क्लोरीनच काम करतो, रंगाला खाऊन टाकतो, मात्र हे संडास धुवायच्या आम्लाजवळ चुकूनही न्यायचं नाही, विषारी वायू सुटतो. बायकोनं ब्लीच घातलं. शर्ट पिवळटच. तिनं दुसऱ्यांदा घातलं, तिसऱ्यांदा घातलं. चौथ्या वेळेला कॉलर विरून हातात आली, पण शर्ट काही काकांच्या मनासारखा पांढरा झाला नाही. बायको पूर्वी वाद घालायची, अहो पांढराफटक आहे, उजेडात तरी बघा. आता तिनं वाद घालणं सोडलं होतं. काकांनी याचा अर्थ असा लावला की तिला तिची चूक पटली.

मग प्रयोगशाळेतली चिनी मातीची फरशी, जिच्यासमोर नळी धरून रंग बघायचा. ती पिवळी पडली. काकांनी नवी मागवली, तीही पिवळटच निघाली. पुरवठादार जुना माल खपवतोय, हे उघड होतं. मग आयोडीन. तापवलं की त्याची सुंदर जांभळी वाफ निघते, तीस वर्षं त्यांनी पाहिली होती. यंदा ती मळकट तपकिरी निघाली. काकांनी पुरवठादाराला भेसळीबद्दल पत्र लिहिलं. त्याला उत्तर आलं नाही, म्हणजे भेसळ होतीच.

आणि याच वर्षी आल्या धाकट्या बाई. रसायनशास्त्राच्या जुन्या बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी ही तिशीच्या आतली, एका वर्षाच्या नेमणुकीवर आलेली. चांगलं शिकवलं तर पुढे कायम होणार होती. कपाटाच्या दोन किल्ल्या होत्या. जुन्या बाई आपली किल्ली वीस वर्षांत दोनदा वापरून विसरून गेल्या होत्या. धाकट्या बाईंनी पहिल्याच दिवशी मागून घेतली. काकांच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

दुसऱ्या महिन्यात बाईंनी वर्गात हॅलोजनांचं विस्थापन दाखवलं. काका दाराआड स्टार्चचं द्रावण घेऊन उभे होते. बाईंनी ब्रोमाइडच्या पाण्यात क्लोरीनचं पाणी टाकलं, नळी नारिंगी झाली. आयोडाइडमध्ये टाकलं, ती तपकिरी झाली. बाई म्हणाल्या, क्लोरीन इतर दोघांना त्यांच्या क्षारातून हुसकावून लावतो आणि स्वतः तिथे बसतो. तो आकारानं लहान आहे, पण त्याचा जोर जास्त. आयोडीन मोठा आहे, थोराड आहे, पण त्याची पकड सैल, त्यामुळे जागा त्यालाच सोडावी लागते. मुलांनी हे वहीत उतरवून घेतलं. दाराआड काकांनी ते वेगळ्याच ठिकाणी उतरवून घेतलं. मग बाईंनी तपकिरी नळीत स्टार्च टाकलं आणि मुलं निळं, निळं, असं ओरडली. काकांना ते काळंच दिसलं. पुस्तकात लिहिलंय म्हणून ओरडतात, असं त्यांना वाटलं.

प्रॅक्टिकलला आठ दिवस उरले होते. बाहेरचे परीक्षक येणार होते. सोमवारी सकाळी काका तिन्ही बाटल्या एकदा शेवटचं तपासून घ्यायला बसले. क्लोराइड घेतलं, आम्ल टाकलं, सिल्व्हर नायट्रेट टाकलं, नळी खिडकीकडे धरली.

साका सायीच्या रंगाचा होता.

त्यांनी नळी धुतली, पुन्हा केलं. साय. डिस्टिल्ड वॉटरमध्येच काही मुरलंय का म्हणून नुसत्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकून पाहिलं, ते स्वच्छ राहिलं. ब्रोमाइडची बाटली घेतली, त्याचा साका पिवळ्याकडे झुकलेला. आयोडाइड पिवळंधमक. म्हणजे क्लोराइडच्या बाटलीत ब्रोमाइड होतं आणि ब्रोमाइडच्या बाटलीत निदान काही आयोडाइड तरी होतंच. जूनमध्ये याच बाटल्यांवर त्यांनी स्वतः हिरवी खूण केली होती. कुणीतरी हात मारला होता. काकांनी पहिल्या बाटलीचं लेबल भिजवून काढलं आणि नवं लावलं, ‘पोटॅशियम ब्रोमाइड’. दुसरीवर ‘मिश्रण, वापरू नये’ असं लिहिलं. कपाटाला कुलूप घातलं आणि घरी गेले.

मंगळवारी सकाळी कपाट उघडलं तर पहिल्या बाटलीवर पुन्हा ‘पोटॅशियम क्लोराइड’. अक्षर नीटस, गोल, त्यांचं नव्हे.

इथे एखाद्या साध्या माणसानं सरळ जाऊन विचारलं असतं. काकांना विचारण्यात रस नव्हता, विचारलं की माणूस सावध होतो. त्यांनी लेबलं पुन्हा आपल्या मताप्रमाणे केली, सिल्व्हर नायट्रेटच्या बाटलीवर द्रवाच्या पातळीशी पेन्सिलीची बारीक रेघ मारली, आणि कपाटाच्या दोन दारांमधून काळा दोरा खालच्या फटीत ताणून बांधला. शोधल्याशिवाय दिसणार नाही असा.

बुधवारी दोरा तुटलेला होता. लेबलं पुन्हा फिरलेली. सिल्व्हर नायट्रेट पेन्सिलीच्या रेघेखाली बोटभर उतरलेलं. आणि दुपारी धाकट्या बाई खडू घ्यायला आल्या तेव्हा काकांनी त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या टोकांवर काळे डाग. सिल्व्हर नायट्रेट कातडीवर सांडलं की आधी काही दिसत नाही, उजेड लागला की ते काळं पडतं आणि आठवडाभर धुतलं जात नाही. चोराच्या अंगावर सहीच ती. काकांना इतका आनंद झाला की त्यांनी बाईंना खडूची अख्खी पेटी दिली.

हेतूही त्यांना दिसत होता. परीक्षकांसमोर मुलांचे निकाल चुकावेत, दोष परिचरावर यावा, त्याला निवृत्तीच्या वर्षभर आधीच घरी बसवावं आणि आपल्या ओळखीचं कुणीतरी या स्टुलावर आणावं. लहान, पण जोर जास्त. गुरुवारी त्यांनी मुख्याध्यापिका बाईंच्या नावानं दोन पानी अर्ज लिहिला. दोरा, पेन्सिलीची रेघ, काळे डाग, सगळं क्रमानं. खाली हिरव्या शाईत सही केली.

मुख्याध्यापिका बाई भाषेच्या होत्या, रसायनाशी त्यांचा संबंध दहावीनंतर सुटला होता. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

“काका, हे खरं ठरलं तर त्या मुलीची नेमणूक मला आजच थांबवावी लागेल. परीक्षेच्या तोंडावर बाटल्यांशी खेळ म्हणजे साधी गोष्ट नाही. पुन्हा कुठली शाळा तिला घेणार नाही.”

“खरंच आहे ते,” काका म्हणाले.

“आणि खोटं ठरलं तर?”

काकांनी खिशातून किल्ली काढून त्यांना दाखवली. “तर ही तुमच्या टेबलावर ठेवीन आणि घरी जाईन.”

शुक्रवारी शाळा सुटल्यावर तिघंजण तयारीच्या खोलीत जमले. मुख्याध्यापिका बाई उंच स्टुलावर अवघडून बसल्या. धाकट्या बाई कपाटाला टेकून उभ्या होत्या, चेहरा उतरलेला, हातात एक लहान वही. लेबलं बदलली का, असं विचारल्यावर त्यांनी लगेच हो म्हटलं. काकांनी मुख्याध्यापिका बाईंकडे पाहिलं. बिंग फुटलं होतं, आता साका दाखवायचा तेवढा बाकी होता.

त्यांनी वादातली पहिली बाटली उघडली. नळी स्वतः धुतली, पाणी स्वतः घातलं, कुणालाही कशाला हात लावू दिला नाही. आम्लाचे चार थेंब, सिल्व्हर नायट्रेटचे चार. ढग उतरला. त्यांनी नळी खिडकीकडे धरली आणि म्हणाले, “बघा. साय.”

मुख्याध्यापिका बाई स्टुलावरून उतरून जवळ आल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

“मला तर पांढरा दिसतोय, काका.”

“नीट बघा, बाई.”

“नीटच बघतेय. अगदी पांढरा. हा तुमच्या अर्जाचा कागद आहे ना, तसा.”

काकांनी त्यांच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग नळीकडे. दोन्हींचा रंग एकच होता, हे खरं. दोन्ही सायीचे होते. शाळेनं कागदसुद्धा हलका आणलाय, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यापाठोपाठ दुसरा विचार आला की या दोघी एकमेकींना सामील आहेत. एकीनं बोलायचं, दुसरीनं मान हलवायची. गुरुवारीच काहीतरी ठरलेलं असणार. मुख्याध्यापिका बाईंनी अर्ज दोनदा का वाचला ते आता कळलं. एकतीस वर्षांचा माणूस काढायचा तर आधी त्याला वेडा ठरवावा लागतो. कुणावर म्हणून विश्वास ठेवायची सोय राहिली नव्हती.

धाकट्या बाई तेव्हा पहिल्यांदा आपणहून बोलल्या.

“काका, रंगाचं राहू द्या. माझं ऐकू नका, यांचंही ऐकू नका. अमोनिया घाला.”

ज्याला स्वतःच्या डोळ्यांचा भरवसा नाही, त्यानं अमोनिया घालावा. हे वाक्य इतकी वर्षं त्यांनीच पोरांच्या अंगावर फेकलं होतं. नाही म्हणावं तर आपण घाबरलो असं दिसेल. त्यांनी खालच्या खणातून अमोनियाची बाटली काढली. लेबलच्या कोपऱ्यात हिरवी खूण होती, त्यांच्याच हाताची. तरी बूच उघडून वास घेतला, डोळ्यांत पाणी आलं. अमोनियाच होता.

त्यांनी ड्रॉपर भरला आणि साक्यात रिकामा केला. नळी हलवली. दुसरा ड्रॉपर. पुन्हा हलवली. ढग विरळ झाला, मग धूसर झाला, मग नव्हताच. नळीत नुसतं पाणी उरलं होतं.

त्यांनी ती उजेडाकडे धरली, फिरवली, उलट बाजूनं पाहिली. बघायला आत काही नव्हतं. पांढरं की सायीचं असा वादच उरला नव्हता. ब्रोमाइड असतं तर ते असं गेलं नसतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी दुसरी बाटली घेतली, साका पाडला, अमोनिया घातला. तो तसाच राहिला. तिसरीचाही तसाच. बाटल्या जिथल्या तिथे होत्या. जूनमध्ये होत्या तशाच. लेबलंही बरोबर होती, त्या गोल अक्षरातली.

म्हणजे साका खोटं बोलला नव्हता. खोटं बोलले होते ते डोळे. काका पडलेल्या आवाजात म्हणाले, “क्लोराइड आहे,” आणि त्यांनी नळी स्टँडमध्ये ठेवली.

मुख्याध्यापिका बाईंनी धाकट्या बाईंच्या हातातली वही मागून घेतली. काकांच्या नजरेला तारखा दिसल्या. ऑगस्टपासूनच्या. कुठल्या दिवशी काकांनी कुठल्या बाटलीवर काय चुकीचं लिहिलं, कुठला रंग चुकीचा सांगितला. चौदा नोंदी. काकांची शंका एवढ्यानंसुद्धा मेली नव्हती, ती फणा काढून उठली.

“माझ्यावर नजर ठेवत होतात तर.”

“हो,” धाकट्या बाई म्हणाल्या. “पहिल्यांदा तुमच्याविरुद्धच लिहीत होते. ऑगस्टमध्ये एक चूक तुम्हाला दाखवली, तर तुम्ही अर्धा तास खात्री आहे का, खात्री आहे का, असं विचारत राहिलात. शेवटी मलाच माझ्या डोळ्यांची शंका यायला लागली. त्या दिवशी ठरवलं, पुरावा जमवायचा. नंतर लक्षात आलं, चुका सगळ्या एकाच जातीच्या आहेत. पांढरं तुम्हाला पिवळं दिसतं आणि निळं-जांभळं दिसत नाही. मग मी लिहायचं थांबवलं आणि सकाळी लवकर येऊन नुसतं दुरुस्त करायला लागले.”

“बोलला का नाहीत?”

बाईंनी खाली पाहिलं. “तुम्ही विश्वास ठेवला असतात?”

उत्तर तिघांनाही माहीत होतं. वहीतली शेवटची नोंद नोव्हेंबरमधली होती, हे त्यांनी स्वतः पान उलटून पाहून घेतलं. मग किल्ली काढून तराजूशेजारी ठेवली.

मुख्याध्यापिका बाईंनी ती उचलली आणि पर्समध्ये टाकली. आपल्या थोरल्या भावाला असंच व्हायचं, मोतीबिंदू पिकत होता आणि तो रंगाऱ्याशी भांडत होता, असं त्या म्हणाल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा आणि किल्ली घेऊन जा. तोवर कपाट धाकट्या बाईंकडे. अर्जाचे त्यांनी चार तुकडे केले. त्या गेल्यावर धाकट्या बाई नळ्या धुवायला लागल्या आणि पाठमोऱ्या राहूनच म्हणाल्या की सोमवारी परीक्षकांसमोर बाटल्या एकदा तपासाव्या लागतील, रंग त्या सांगतील, अमोनिया काकांनी घालावा. काकांना हो म्हणायचं होतं. त्यांच्या तोंडून निघालं, “नळ्या तीनदा धुवा. साध्या पाण्यातही क्लोराइड असतं.” बाईंनी तीनदा धुतल्या.

सायकल हातात धरून ते पायीच घरी गेले. वाटेत एका भिंतीला नवा रंग दिला होता, तो कुठला ते त्यांना सांगता येईना. दोरा, रेघ, डाग, सगळे पुरावे खरे होते आणि तरीही त्यांनी एका पोरीचं आयुष्य मातीत घातलं असतं. कॉस्टिक सोड्याच्या बाटलीनंतर पहिल्यांदाच त्यांना तशी लाज वाटत होती. तेव्हा त्यांनी लेबलवर विश्वास ठेवला होता. यावेळी स्वतःवर.

बायको अंगणातल्या दोरीवरचे कपडे काढत होती. त्यांनी तिच्या हातातून आपला शर्ट घेतला, ब्लीचनं विरलेल्या कॉलरचा, आणि तिच्यासमोर धरला.

“अगं, हा कुठल्या रंगाचा आहे?”

तिनं बघितलंसुद्धा नाही. “पिवळा,” ती म्हणाली. “उद्या परत घालते ब्लीचमध्ये.”

“बघून सांग.”

ती थांबली. आधी तिनं शर्टाकडे नाही, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, यात काही डाव आहे का ते जोखत. पस्तीस वर्षांच्या संसारात ती हे त्यांच्याकडूनच शिकली होती. मग शर्टाकडे पाहिलं.

“पांढरा आहे,” ती हळूच म्हणाली. “वर्षभर पांढराच आहे. पण तुम्हाला पिवळा म्हटलेलं हवं असेल तर पिवळा.”

काकांचे ओठ सवयीनं हलले. तो नेहमीचा प्रश्न जिभेवर आला होता. बायको त्याची वाट बघत कपडे उराशी धरून उभी होती. त्यांनी तो गिळला, शर्टाची घडी घातली, आणि आत जाऊन कपाटात पांढऱ्या कपड्यांच्या चळतीवर ठेवून दिली.